चार तासांच्या सेटमध्ये आपल्या आवडीची जागा

डीजेने आपली आवड आणि लोकांची मागणी यांचा हिशेब डेकसमोर, म्हणजे गाणी वाजवायच्या यंत्रांसमोर, उभं राहून करायला घेतला की तो हमखास चुकतो. चालू गाणं संपायला दीड मिनिट उरलेलं असतं, कोणीतरी फोनवर गाण्याचं नाव लिहून तो फोन नाकासमोर धरलेला असतो, आणि हात एक तर खात्रीच्या गाण्याकडे जातो, नाहीतर हट्टाने स्वतःच्या लाडक्या गाण्याकडे. दोन्ही निर्णय घाईचे. म्हणून यातलं बहुतेक काम मी घरी उरकतो आणि फ्लोअरवर, म्हणजे नाचणाऱ्या लोकांसमोर, फक्त दुरुस्त्या करतो. माझे सेट (सलग वाजवलेली गाणी) मुख्यतः हाउस आणि डिस्को या नाचायच्या संगीताचे, ११० ते १२८ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तितक्या मात्रांच्या, आसपासचे. पुढचे आकडे त्याच टप्प्यातले आहेत, पण पद्धत इतर संगीतालाही लागू पडते.

काम ठरलं की ‘कसली गाणी हवीत?’ हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारतो, कारण उत्तर जवळजवळ नेहमी ‘सगळं थोडं थोडं’ असंच येतं. आधी विचारायचं ते असं : माझ्या आधी कोण वाजवणार आणि नंतर कोण, लोक किती वाजता येतात, किती वाजता पांगायला लागतात, बसायची जागा फ्लोअरला लागून आहे की लांब, आवाजाची मर्यादा किती, आणि कोणती गाणी अजिबात नकोत. नकोशा गाण्यांची यादी हव्याशा यादीपेक्षा कितीतरी जास्त सांगून जाते. हवीशी गाणी माणसं आठवून आठवून लिहितात, नकोशी मात्र अनुभवातून सांगतात.

मग फोल्डर, म्हणजे त्या रात्रीसाठी सोबत न्यायची गाणी. चार तास म्हणजे २४० मिनिटं. एक ट्रॅक सरासरी साडेतीन मिनिटं वाजतो असं धरलं तर ६८-७० ट्रॅक लागतात. मी त्याच्या अडीचपट, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास घेतो. याहून कमी घेतले तर अंदाज चुकल्यावर वळायला जागा राहत नाही, आणि फार जास्त घेतले तर अख्खा वेळ स्क्रीनवर यादी सरकवण्यात जातो. लोकांकडे बघायचं राहून जातं.

फोल्डरची विभागणी मी संगीतप्रकारावरून करत नाही. प्रत्येक ट्रॅकला ओळखीची पायरी देतो : ओळखीचं, अर्धओळखीचं, अनोळखी. अर्धओळखीचं म्हणजे माहीत असलेल्या गाण्याची वेगळी आवृत्ती, परिचित आवाज नव्या ठेक्यावर, किंवा ज्याची बेसलाइन (खालच्या सुरांची ओळ) पुढे एखाद्या गाजलेल्या गाण्यात सॅम्पल म्हणून, तशीच उचलून, वापरली गेली ते मूळ गाणं. हा शेवटचा प्रकार माझ्या फार जिव्हाळ्याचा. बेसलाइन ऐकून लोकांचे पाय आधी हलतात, डोळ्यांत ‘हे कुठेतरी ऐकलंय’ असा भाव येतो, आणि तोवर एक जुनं, पूर्ण अनोळखी गाणं त्यांनी अर्धं ऐकलेलं असतं. माझी बहुतेक आवड मी या मधल्या पायरीवरूनच फ्लोअरपर्यंत नेतो. तिन्ही पायऱ्यांना साधारण साठ-साठ ट्रॅक.

अनोळखी गाण्यांच्या शेऱ्याच्या रकान्यात मी आणखी एक गोष्ट लिहितो : परतीचं गाणं. म्हणजे हे गाणं लागलं नाही तर पुढे काय लावायचं, ते नावासकट. अट अशी की परतीच्या गाण्याचा वेग तीन टक्क्यांच्या आत जुळावा (१२४ ला साधारण १२०.५ ते १२७.५), पट्टी जुळावी, आणि ते पहिल्या चार बारांत (एक बार म्हणजे चार मात्रा) ओळखू यावं. पट्टी बघायला कॅमेलॉट चक्र सोयीचं आहे. त्यात प्रत्येक पट्टीला १ ते १२ पैकी एक आकडा आणि ए (मायनर) किंवा बी (मेजर) हे अक्षर असतं. ८ए मधल्या गाण्याला ८ए, ७ए, ९ए आणि ८बी ही गाणी बिनधोक लागतात. सॉफ्टवेअरने काढलेली पट्टी मात्र कीबोर्डवर एकदा तपासून घ्यावी. ठेका जास्त आणि सूर कमी असलेल्या ट्रॅकमध्ये ती सर्रास चुकते. जमलं तर परतीची दोन गाणी लिहावीत, एक फ्लोअर वर उचलणारं आणि एक अलगद खाली आणणारं. अनोळखी गाणं लावायची हिंमत या रकान्यातून येते. परत यायची वाट माहीत असली की डीजे ते गाणं पूर्ण वाजू देतो. नसली की तो तिसाव्या सेकंदाला घाबरून मागे फिरतो, आणि गाण्याला संधी मिळालीच नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

फोल्डर पक्कं करण्याआधी प्रत्येक लाडक्या ट्रॅकला दोन परीक्षा. पहिली, ट्रॅक चालू ठेवून शेजारच्या खोलीत जायचं आणि दार लावायचं. भिंतीतून फक्त किक (मोठ्या ड्रमचा ठोका) आणि बेस (खालचे जाड सूर) येतात. तेवढ्यावरून ठेका कळत नसेल, पाय कुठे टाकायचा ते समजत नसेल, तर गर्दीच्या गोंगाटातही तो कळणार नाही. हेडफोनवर जीव लावणारे बारकावे, म्हणजे मागे घुमणारा रिव्हर्ब, ओठांची कुजबुज, झांजेची किणकिण, हे सगळं माणसांच्या बोलण्यात बुडून जातं. दुसरी परीक्षा मोनोची. बऱ्याच ठिकाणची ध्वनियंत्रणा डावा-उजवा एकत्र करून वाजवते. रुंद पसरवलेला सिंथ मोनोमध्ये आला की दोन्ही बाजूंच्या लहरी एकमेकींना खाऊन टाकतात आणि गाण्याची मुख्य धूनच गायब होते. या परीक्षांत नापास झालेलं गाणं वाईट नसतं. त्याची जागा पहिल्या तासात असते, जेव्हा आवाज कमी असतो आणि लोकांचे कान मोकळे असतात.

जुन्या ध्वनिमुद्रणांचं एक वेगळंच दुखणं आहे. त्यांची पातळी आजच्या ट्रॅकपेक्षा काही डेसिबलने कमी असते आणि बेस पातळ. घरीच ट्रिमने (ट्रॅकचा मूळ आवाज कमी-जास्त करून) पातळी जुळवून ठेवावी. शिवाय माणसाने वाजवलेले ड्रम असले की वेग कणाकणाने वर-खाली होतो. सॉफ्टवेअर बरेचदा एकच वेग धरून ग्रिड, म्हणजे मात्रांच्या खुणांची जाळी, आखतं आणि दोन मिनिटांनी ते अर्ध्या मात्रेने घसरलेलं असतं. अशा ट्रॅकला ग्रिडच्या खुणा जागोजागी हाताने लावाव्या लागतात, किंवा सुरुवातीचे चार बार लूप करून (पुन्हा पुन्हा वाजवून) तेवढ्यावरच मिक्स करावं, म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात जावं. ७० चं १४० आणि ८७ चं १७४ असं वेगाचं दुप्पट-निमपट वाचनही तपासून घ्यावं. पेनड्राइव्ह दोन, सारख्याच मजकुराचे. जुनी प्लेअर यंत्रं पेनड्राइव्हचे सगळेच फॉरमॅट वाचत नाहीत, फॅट३२ मात्र वाचतात, तेव्हा तोच ठेवावा.

आता प्रत्यक्ष रात्र. पहिला तास हा आपल्या आवडीचा हक्काचा तास, आणि बहुतेक डीजे तो वाया घालवतात. फ्लोअर रिकामा दिसला की गाजलेलं गाणं लावून लोकांना ओढायचा मोह होतो. लोक येतातही, दोन गाणी नाचतात, मग पुन्हा जातात, कारण ती त्यांची नाचायची वेळच नसते. वर ते गाणं रात्री साडेबाराला लागणार होतं, ते पावणेदहाला खर्ची पडलं. आपल्यानंतर दुसरा डीजे असेल तर त्याचीही पंचाईत. या तासात मी १०८ ते ११६ बीपीएम ठेवतो, आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागू नये, शब्द कमी, ठेका गोल. अनोळखी गाणी सलग पाच-सहा चालतात. त्या वेळी लोक गाणं ऐकत नसतात, पण त्या आवाजाची त्यांना सवय होत असते. त्यातलाच एखादा सूर अकरा वाजता पुन्हा आला की तो त्यांना परका वाटत नाही.

फ्लोअर वाचायचा तो कडेने. पुढच्या रांगेतली माणसं कशावरही नाचतात. त्यांच्यात आपले मित्र असतात, उत्साही असतात. खरी बातमी फ्लोअरच्या कडेला उभ्या असलेल्या, हातात ग्लास घेतलेल्या माणसांकडून मिळते. त्यांचे खांदे हलताहेत का, पावलं डेककडे वळलेली आहेत का, बोलताना मान ठेक्यावर डोलते आहे का, हे दर एक-दोन गाण्यांनी बघावं. आणखी एक खूण : लोक फ्लोअर सोडतात ते नेमकं कधी? गाण्याच्या मधोमध सोडत असतील तर गाणं पटलेलं नाही. दोन गाण्यांच्या जोडावर सोडत असतील तर दोष मिक्सचा आहे. आपणच त्यांना जायला दार उघडून दिलं.

ओळखीच्या गाण्यातून अनोळखी गाण्यात जाण्याचं मिक्स जरा जवळून सांगतो, कारण सगळा खेळ तिथे आहे. समजा, चालू गाणं १२२ बीपीएम, ८ए. माझं गाणं १२४, ९ए. चालू गाणं वाजत असतानाच पिच (वेग बदलायचा सरकता दांडा) हळूहळू सरकवत दीड-दोन मिनिटांत १२३ वर आणतो. एक टक्क्याच्या आतला हा फरक कोणाला जाणवत नाही. पट्टी एका अर्धस्वराने सरकायला साधारण सहा टक्के लागतात. १२३ ला ३२ मात्रा म्हणजे साडेपंधरा सेकंद, ६४ मात्रा म्हणजे ३१ सेकंद. चालू गाण्याचं शेवटचं ध्रुवपद सुरू होतं त्या समेवर माझं गाणं सोडतो, बेस पूर्ण बंद, मधल्या उंचीचे आवाज अर्ध्यावर, फक्त हायहॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) ऐकू येईल इतकं. ३२ मात्रांनी मधले आवाज उघडतो. ध्रुवपद संपून सम येते त्या क्षणी चालू गाण्याचा बेस शून्यावर आणि माझ्या गाण्याचा बेस पूर्ण, दोन्ही नॉब एकाच हालचालीत. दोन बेस एकावर एक आले की चिखल होतो आणि मिक्सरचा मीटर लाल पट्टीत जातो. आता ध्रुवपदाची शेवटची ओळ चार बारांच्या लूपमध्ये धरतो आणि हायपास फिल्टर (खालचे आवाज कापणारी गाळणी) हळूहळू वर नेतो. ही एक-दोन आवर्तनं, म्हणजे आठ ते सोळा सेकंद, माझ्यासाठी अख्ख्या रात्रीतली सगळ्यात मोलाची. लोकांच्या तोंडी ओळखीची ओळ असते आणि पाय अनोळखी ठेक्यावर पडत असतात. ओळ विरून जाते तेव्हा पाय थांबत नाहीत.

यात चुकतं काय? गाण्याची ओळ बरेचदा समेच्या आधीच अर्धी-पाऊण मात्रा सुरू होते. लूप समेवर धरला तर पहिला शब्द कापला जातो आणि गायक दर आवर्तनाला अडखळतो. म्हणून लूपची सुरुवात घरीच, शब्दाच्या आधीच्या श्वासावर, हॉट क्यू (एका बटणाने गाठता येणारी खूण) लावून ठेवावी. क्वांटाइझवर (लूप आपोआप मात्रेवर बसवणाऱ्या सोयीवर) विसंबणार असाल तर ग्रिड बिनचूक हवं, नाहीतर लूप लंगडतो.

नवं गाणं आत आलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात निकाल देऊ नये. फ्लोअरवर क्षणभर अवघडलेपण येतंच. बेस आल्यानंतर निदान ६४ मात्रा, जमल्यास १२८ थांबावं. तेव्हाही कडेची माणसं पाठ फिरवत असतील तर गाणं मधूनच खेचून काढू नये. पुढच्या समेला लूप धरायचा आणि परतीचं गाणं आणायचं. अगदीच निकड असेल तर एका मात्रेचा इको टाकून बाहेर पडावं, पण हे औषध रात्रीतून एकदाच.

गाणं पडलं याचा अर्थ लोकांना ते आवडलं नाही, असा लगेच घेऊ नये. बहुतेक वेळा कारण यांत्रिक असतं. पातळी दोन-तीन डेसिबलने खाली आली, की लोकांना गाणं ‘दमलेलं’ वाटतं. सुरुवातीला तीस सेकंद किकच नव्हती, म्हणून फ्लोअरच्या पायाखालचा आधार गेला. दोन गाण्यांच्या पट्ट्या भांडल्या, किंवा ३२ मात्रांची घडी न जुळल्याने एका गाण्याचा ब्रेकडाउन (ठेका थांबतो तो भाग) दुसऱ्याच्या ध्रुवपदावर आदळला. की आधीच तासभर जोरात नाचून लोकांना पाणी हवं होतं? चांगल्या रात्रीही पन्नास-साठ मिनिटांनी फ्लोअर अर्धा रिकामा होतो, आणि तो होऊ द्यावा. ही सगळी कारणं तपासूनही गाणं पडलंच, तर पुढच्या वेळी ते दुसऱ्या जागी, दुसऱ्या गाण्यानंतर लावून बघावं. वेगवेगळ्या तीन जागी पडलं तर फोल्डरमधून बाहेर.

न्यूयॉर्कच्या पॅरडाइज गराज या क्लबमध्ये (१९७७ ते १९८७) वाजवणारे लॅरी लेव्हन नवं गाणं लोकांच्या गळी उतरेपर्यंत एकाच रात्री अनेकदा वाजवायचे, अशी त्यांची ख्याती होती. हे उदाहरण डीजे मंडळी हट्टाच्या समर्थनार्थ देतात. मला त्यातली अर्धीच बाजू सांगितली जाते असं वाटतं. लेव्हन तिथले कायमचे डीजे होते आणि समोर आठवड्यागणिक येणारी तीच माणसं होती. इतका जमवलेला विश्वास पाठीशी असेल तर एक गाणं चारदा लावता येतं. एका रात्रीसाठी बोलावलेल्या डीजेच्या गाठीला ती पुंजी नसते, ती त्याला पहिल्या दोन तासांत कमवावी लागते. मला जास्त शिकवतं ते हिप-हॉपच्या सुरुवातीच्या काळातले डीजे कूल हर्क यांचं काम. १९७३ च्या सुमारास ब्राँक्समधल्या पार्ट्यांत त्यांना दिसलं की नाचणारे गाण्यातल्या ब्रेकची, म्हणजे फक्त तालवाद्यं उरतात त्या तुकड्याची, वाट बघतात. त्यांनी एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तुकडा लांबवला. गाणी त्यांच्याच पसंतीची राहिली, लोकांना मिळाला तो त्यांना हवा असलेला भाग. आज चार बटणांत हे करता येतं, तरी गाणं पडतंय असं दिसलं की आपण थेट गाणंच बदलतो. आधी त्याच गाण्यातला दुसरा भाग लावून बघावा.

मध्यरात्रीच्या भरात माझा साधारण क्रम दोन ओळखीची, एक अर्धओळखीचं, एक अनोळखी असा असतो. अनोळखी गाणं जमून आलं की अंगात येतं आणि लगेच दुसरं, तिसरं लावावंसं वाटतं. दोनावर थांबावं. तिसऱ्याला लोक सौजन्याने नाचतात आणि चौथ्याला पाणी प्यायला जातात.

फर्माईश हा स्वतंत्र विषय आहे. ‘बघतो’ म्हणून टाळणं मला पटत नाही. माणूस दर दहा मिनिटांनी परत येतो आणि खट्टू होतो. लावणार असलो तर ‘अर्ध्या तासात’ असं सांगतो आणि लावतो. नसलो तर सरळ नाही म्हणतो, आणि त्याच गायकाचं किंवा त्याच काळातलं माझ्याकडे असलेलं दुसरं नाव सांगतो. वेगवेगळ्या कोपऱ्यांतून तीन जणांनी सारख्या धाटणीची गाणी मागितली तर ती दिशा समजावी. मागितलेलं गाणं वेगाने फार लांब असेल तर उडी मारायच्या युक्त्या आहेत. १२८ बीपीएमवर पाऊण मात्रेचा लूप धरला की त्याची पुनरावृत्ती मिनिटाला १७०.७ वेळा होते. त्यावर १७१ चा ड्रम अँड बेस किंवा ८५ चा हिप-हॉप ट्रॅक सहज बसतो. असं गणित जुळत नसेल तर ध्रुवपद संपवून इको टाकावा, अर्धा सेकंद शांतता द्यावी आणि नवं गाणं थेट शब्दांवर सुरू करावं. ओढूनताणून वेग जुळवण्यापेक्षा हे कधीही बरं.

न आवडणारं गाणं वाजवावं लागतं तेव्हा ते मनापासून वाजवायची तयारी हवी. डीजेने मान खाली घातली, घाईने कापलं, की फ्लोअरला अपमान कळतो. मी अशा गाण्यात मला पटणारी एक गोष्ट शोधतो. बेसलाइन असेल, टाळ्यांचा ठेका असेल, एखादं कडवं असेल. मग ती पुढे येईल असं एडिट बनवतो : चाळीस सेकंदांची लांबण काढून सोळा बारांची ड्रमची सुरुवात, एक कडवं, दोनदा ध्रुवपद, पुन्हा सोळा बार ड्रम. काप नेहमी समेवर आणि लहर शून्यावर असताना द्यावा, नाहीतर ‘टक्’ असा आवाज येतो. एमपी३ वरून एडिट केलं असेल तर वेव्ह फाइल काढावी. पुन्हा एमपी३ केल्यास झांजा आणि ‘स’ची अक्षरं फुटतात.

रात्र चढते तसे कान थकतात आणि इथे आपली आवडच दगा देते. वरच्या पट्टीतले आवाज बोथट वाटायला लागतात, हात ट्रेबलकडे जातो, आणि फ्लोअरवरच्या माणसांच्या कानांना ते आवाज बोचायला लागतात. माणसं जातात, दोष गाण्याला मिळतो. कामाच्या जागेसाठी सुचवलेली एक मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा अशी आहे. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. सपाट फिल्टरचे इअरप्लग, आणि मॉनिटर (डीजेच्या बाजूचा स्पीकर) फक्त मिक्सपुरता वर. तीन तासांनंतर ईक्यूला (बेस-ट्रेबलच्या नॉबना) हात लावण्याआधी नॉब मधोमध आणून पुन्हा ऐकावं.

दुसऱ्या दिवशी प्लेअरची हिस्टरी उघडून प्रत्येक अनोळखी गाण्यापुढे तीनपैकी एक शेरा लिहितो : थांबले, गेले, जाऊन परत आले. सोबत वेळ आणि आधीचं गाणं. जिथे पुन्हा पुन्हा वाजवायला मिळतं तिथे काही महिन्यांनी एक बदल दिसतो. एखादं अनोळखी गाणं लावलं की कडेची दोन-चार माणसं पहिल्या बारालाच फ्लोअरकडे वळतात, कोणी येऊन त्याचं नाव विचारतं. त्या दिवशी मी ते गाणं फोल्डरमध्ये अर्धओळखीच्या पायरीवर हलवतो, त्याच्या शेऱ्यातलं परतीचं गाणं खोडतो, आणि ते स्वतःच आता दुसऱ्या कोणत्या अनोळखी गाण्याचं परतीचं गाणं होऊ शकेल ते शोधायला बसतो.